तुर्कस्तानच्या बाईचा इंदूरचा वकील

हर्डीकर वकिलांनी आपल्या बायकोचं नाव घेतलं आणि बेचाळीस वर्षं परत केलं नाही. मला त्यांनी एका वाक्याला फसवलं. दोन्ही गोष्टी दिवसाढवळ्या झाल्या, साक्षीदारांसमोर झाल्या, आणि दोन्ही वेळा ते हसत होते.

मी लसणाचा आडत्या. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणं हा माझा धंदा. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणे, पण मला त्यांची तलवार नाही मिळाली, नुसता संताप मिळाला. पाठीवर पोती वाहण्यापासून सुरुवात केली, आज मंडीत माझी गादी आहे. मला फसवायला येणारा माणूस मी त्याच्या चपलांच्या आवाजावरून ओळखतो. हर्डीकरांना ओळखू शकलो नाही, कारण त्यांच्यात फसवणाऱ्याची एकही खूण नव्हती. उलट लोकच त्यांना फसवून जात.

भाजीचंच बघा. बडा गणपतीपाशी आमची गल्ली, गल्लीत माझ्या घरापासून तिसरं त्यांचं घर, आणि कोपऱ्यावर एक म्हातारी भाजी घेऊन बसते. हर्डीकर तिच्यासमोर उकिडवे बसत. उंच, काटकुळा माणूस, बसला की गुडघे कानांपर्यंत यायचे.

"गिलकी कैसे दी?"

"साठ."

"साठ किस आधार पर?"

पहिल्या दिवशी म्हातारी भडकली. आठवड्याभराने ती तयारीत बसू लागली. "देखो बाबूजी, सांवेर से आई है, गाड़ी रस्ते में फँस गई, आधा माल सड़ गया, जो बचा उसी में सबका निकालना है।" हर्डीकर सगळं ऐकून घेत, मान हलवत, "पटलं" म्हणत आणि साठ मोजून उठत. त्यांच्या मागोमाग मी त्याच ढिगातली गिलकी (म्हणजे घोसाळी) चाळीसने घेई.

"काका, डोळ्यांदेखत लुटते ती तुम्हाला!"

"तुम्हाला चाळीसला मिळते, जाधवराव. पण का मिळते, ते तुम्हाला माहीत नाही. मला साठचं कारण माहीत आहे."

अशा माणसाचं काय करायचं? वकिलीही त्यांनी अशीच केली. पक्षकार आला की त्याचं ऐकून घ्यायचे आणि मग त्याच्या विरोधकाची बाजू त्याला इतकी सुंदर समजावून सांगायचे की पक्षकार घाबरून दुसऱ्या वकिलाकडे जायचा. काळ्या कोटाच्या डाव्या खिशात त्यांची चालू प्रकरणं असत. तो खिसा चपटा. उजवा खिसा मात्र फुगलेला. त्यात बाहेरचे निकाल.

बाहेरचे म्हणजे पार युरोपातले. तिकडे मानवी हक्कांचं एक न्यायालय आहे. आपल्या देशातल्या सगळ्या कोर्टांत हरलेला माणूस शेवटी तिथे जातो आणि आपल्याच सरकारविरुद्ध तक्रार करतो. भारताचा त्या न्यायालयाशी काही संबंध नाही. आपण तिथे जाऊ शकत नाही, त्यांचा निकाल आपल्याला लागू नाही. तरी हर्डीकर ते निकाल कुठून कुठून मिळवून, छापून घेऊन, सकाळी साडेसातला राधेभियाच्या पोह्यांच्या ठेल्यावर उभ्याने वाचत. अर्धी प्लेट, शेव जास्त, जिरावन मसाला कमी. दुसऱ्या हातात पेन्सिल. लोक क्रिकेट विचारतात तसं राधे विचारायचा, "वकीलसाब, आज कौन जीता?"

"स्पेन की एक बाई."

मग ती गोष्ट. त्या बाईच्या घराभोवती नाचगाण्याचे अड्डे. शहराच्या कारभाऱ्यांनीच एकामागून एक परवाने दिलेले. बाईला झोप नाही. आपल्या देशात कोणी ऐकेना, म्हणून ती त्या न्यायालयात गेली. न्यायालय म्हणालं, घरात शांतपणे राहता येणं हाही माणसाचा हक्क आहे. गोंगाट अड्डेवाले करतात हे खरं, पण तो होऊ देणाऱ्या सरकारने जबाब द्यायचा. ठेल्यावर दोन तट पडले. पानवाला अड्डेवाल्यांच्या बाजूने ("धंधा है भिया, क्या करे आदमी"), बँकेतला शिपाई बाईच्या बाजूने. हर्डीकर दोघांच्याही बाजूने बोलत होते.

दुसऱ्या दिवशी राधेच्या ठेल्यावरचा भोंगा निम्म्या आवाजात. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी दोन वर्षं हात जोडले होते, तेव्हा हा बधला नव्हता. मी विचारलं, "क्यों भिया, बिगड़ गया क्या?"

"नहीं यार जाधव सेठ. वो स्पेन वाली आंटी दिमाग में बैठ गई।"

हर्डीकरांनी त्या दिवशी जिलबी खाल्ली. साखर असूनही. म्हणाले, "निकाल अंमलात आला."

पण त्यांची लाडकी स्पेनची बाई नव्हे. त्यांची लाडकी तुर्कस्तानची बाई. ती स्वतः वकील. तिचं मागणं एवढंच की लग्नानंतरही माझं माहेरचं आडनाव लावू द्या, नुसतं तेच. तिकडचा कायदा म्हणे, नवऱ्याचं लावावंच लागेल. हवं तर त्याच्या आधी तुझं चिकटव. तिच्या देशात ती सगळीकडे हरली आणि बाहेरच्या न्यायालयात जिंकली.

"मग बदलला कायदा?" मी विचारलं.

"छे. कायदा होता तसाच राहिला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्याच देशातल्या मोठ्या कोर्टाने तो निकाल उचलला आणि म्हटलं, पुस्तकात काही असो, बायकांना त्यांचं नाव लावू द्या."

"बऱ्याच वर्षांनी! मग जिंकून काय मिळालं?"

"लसूण लावल्या दिवशी उपटून बघता का तुम्ही?" हर्डीकर म्हणाले, आणि ठेल्यावरचे सगळे माझ्याकडे बघून हसले. मी पोहे अर्धे टाकून निघून आलो. मला लसूण शिकवतात!

आता माझ्या बहिणीचं सांगतो, कारण त्याशिवाय हर्डीकर कळायचे नाहीत. आमच्यात लग्नात नवरीचं नुसतं आडनाव बदलत नाहीत, पाळण्यातलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यांत नवं नाव रेखायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे वाटायचे. माझी धाकटी बहीण मंगल जाधव अशीच अनुराधा चव्हाण होऊन बेटम्याला गेली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो.

बेटम्याला ती शाळेत शिकवते. वीस वर्षं शिकवल्यावर मुख्याध्यापिका व्हायची वेळ आली, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की बाईंच्या पदव्यांवर मंगल जाधव आहे आणि आधारवर अनुराधा चव्हाण. सगळे कागद एका नावाचे करून आणा, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला. मंगलने ठरवलं, सगळीकडे मंगल जाधवच करायचं. शिकलं कोण? मंगल. नाव बदलायच्या सरकारी दफ्तरात गेली तर तिथल्या फॉर्मात सातवा रकाना: विवाहितेला माहेरचं नाव परत घ्यायचं असल्यास पतीचं ना-हरकत पत्र, पतीच्या सहीनिशी.

चव्हाण भाऊजी देवमाणूस. त्यांनी लगेच पेन काढलं. "आण इकडे. मिनिटाचं काम आहे."

मंगलने फॉर्म मागे ओढला. "तुम्ही तांदळांत नाव लिहिलंत तेव्हा माझी सही घेतली होती?"

भाऊजींनी थोडा विचार केला. "नाही घेतली," म्हणाले. "लक्षातच आलं नाही." आणि पेन परत खिशाला लावलं.

झालं! एका मिनिटाचं काम अडलं. ती माझ्याकडे आली, आणि मी तिच्यावर ओरडलो. हे खोटं कशाला सांगू, गल्लीने ऐकलं आहे.

"अगं, समोरचा माल फुकट देतोय आणि तू सौदा मोडतेस? घे सही, हो मुख्याध्यापिका!"

"दादा, माल माझाच आहे."

तिचं बरोबर होतं. त्यामुळे मी आणखी ओरडलो. शेवटी म्हटलं, चल हर्डीकरांकडे. मला वाटलं, ते नेहमीसारखी समोरच्याची बाजू सुंदर समजावतील आणि ही सही घेऊन मोकळी होईल. माझ्या धंद्यातली ही सर्वांत मोठी चूक.

हर्डीकरांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. सातवा रकाना दोनदा वाचला. चष्मा काढला. आमच्या इंदूरच्या लालबागच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलेल्या पोराचा चेहरा असतो तसा त्यांचा झाला, आणि आत तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, "संहिता, अगं बाहेर ये! तुर्कस्तानची बाई आली आहे!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ही? ही तर बेटम्याची मंगल."

"तेच ते."

काकूंनी मंगलला विचारलं, "नवरा काय म्हणतो गं तुझा?"

"सही करायला तयार आहेत."

"मग?"

"मग नको."

काकू आत गेल्या, बेसनाचे लाडू घेऊन आल्या. मंगलला दोन, मला एक. नवऱ्यापुढे बशी नेलीच नाही. साखर आहे म्हणून असेल, असं मला वाटलं.

मी हर्डीकरांशी भांडलो ते तेव्हा. "काका, तुर्कस्तानच्या बाईचा निकाल इंदूरच्या हायकोर्टात कोण विचारणार? आपल्याला तो लागू आहे?"

"नाही."

"मग!"

"जाधवराव, सकाळी उठल्यावर पहिला फोन कुठे करता?"

"नीमचला. तिथल्या लसणाच्या मोठ्या मंडीत."

"नीमचचा भाव इंदूरला लागू आहे?"

"लागू कसला? नीमच नीमच आहे, इंदूर इंदूर आहे."

"मग फोन कशाला?"

मी चिडलो. धंद्यातलं कळत नसताना विचारतात. म्हटलं, "अहो, नीमचचा भाव मला बांधून ठेवत नाही, पण तो माहीत असला की समोरच्याला मनाला येईल ते बोलता येत नाही. तिथे इतका आणि इथे इतका कमी का, ते त्याला सांगावं लागतं. सांगता आलं तर ठीक. नाही सांगता आलं, तर त्याला माझ्या भावावर यावं लागतं!"

हर्डीकर टाळी वाजवून हसले. पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. व्यापारी माणूस समोर लिहायला लागला की मी बोलणं थांबवतो. पण हे काका होते.

अर्ज हायकोर्टात गेला. शाळेने भलेपणा केला. निकाल लागेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवू म्हणाली, पण पुढचं सत्र सुरू होईपर्यंतच. मंगल दर तारखेला बेटम्याहून बसने यायची आणि मागच्या बाकावर बसायची. बोलायची काही नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. तिच्या वर्गातल्या मुली तिला आत्ताच बडी मॅडम म्हणू लागल्या होत्या. खुर्ची गेली असती, तर त्याच मुलींसमोर पुन्हा उभं राहायचं होतं. मी एकदा हळूच म्हटलं, "अजून वेळ आहे. भाऊजींचं पेन खिशातच आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून चहा आणायला गेलो.

शेवटच्या सुनावणीला सरकारी वकील म्हणून एक तरुण, चुणचुणीत गृहस्थ उभे होते. त्यांनी हर्डीकरांचा निकालांचा गठ्ठा बघितला आणि न्यायमूर्तींना म्हणाले, "मायलॉर्ड, विथ ग्रेट रिस्पेक्ट, तुर्कस्तान मध्य प्रदेशात नाही येत."

सगळे हसले. हर्डीकरही हसले, सगळ्यांत जास्त. मग म्हणाले, "माझे मित्र खरं बोलले. हा निकाल या कोर्टाला बांधील नाही. पण हे कोर्ट बहिरंही नाही. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानेसुद्धा खासगीपणाचा हक्क ठरवताना बाहेर काय चाललंय ते बघितलं होतं. मायलॉर्ड, नीमचचा भाव इंदूरला लागू नसतो. तरी इंदूरचा प्रत्येक व्यापारी सकाळी पहिला फोन नीमचला करतो. का? कारण एकदा तो भाव कळला, की इथल्या माणसाला आपल्या भावाचं कारण द्यावं लागतं. बायकोच्या नावाला नवऱ्याची सही कशाला, याचं तिथल्या सरकारला कारण देता आलं नाही. माझ्या मित्रांकडे असेल तर त्यांनी द्यावं. मी बसतो."

आणि खरंच खाली बसले.

मी उभा राहिलो. माझं वाक्य! शब्द थोडे धुऊन घेतले होते, पण माल माझाच होता. कोर्टाच्या शिपायाने माझा खांदा दाबला. तेवढ्यात न्यायमूर्तींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हर्डीकरसाहेब, आज नीमच का भाव क्या चल रहा है?"

हर्डीकरांना काय ठाऊक! ते गर्रकन मागे वळले आणि माझ्याकडे बघू लागले. मी भाव सांगितला. बारीक कळीचा वेगळा, जाड्याचा वेगळा, दोन्ही. शिपायाने मला ओढून बसवलं. न्यायमूर्ती खाली मान घालून काहीतरी लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. सरकारी वकिलांनी नंतर बरंच काही सांगितलं: फसवणूक टाळण्यासाठी, नोंदी नीट राहण्यासाठी. न्यायमूर्तींनी एवढंच विचारलं की मग नवऱ्याने नाव बदललं तर बायकोचं पत्र लागतं का. सरकारी वकील म्हणाले, "सरकारकडून सूचना घेऊन सांगतो."

सत्र सुरू व्हायला सहा दिवस असताना निकाल आला. सातवा रकाना रद्द. नाव ज्याचं, अर्ज त्याचा, सही त्याची. मंगलने मला तो वाचून दाखवला, कारण इंग्रजी माझं मंडीपुरतं. वाचता वाचता ती एका ठिकाणी थांबली आणि हसायला लागली. तिथे लिहिलं होतं की बाहेरच्या मानवाधिकार न्यायालयांचे निकाल आमच्यावर बंधनकारक नाहीत, पण विचारात घेण्याजोगे आहेत, आणि याबाबतीत अर्जदाराच्या विद्वान वकिलांनी मंडीच्या भावाचं जे समर्पक उदाहरण दिलं त्याची आम्ही नोंद घेतो.

विद्वान वकिलांनी!

मी तसाच तिसऱ्या घरी गेलो. "काका, ते वाक्य माझं आहे."

"होतं," हर्डीकर म्हणाले. "आता निकालात आलं. आता ते कोणीही वापरेल. कुठल्या तरी गावचा वकील उद्या नीमचचा भाव सांगेल आणि त्याला लसूण म्हणजे काय ते ठाऊकही नसेल."

"माझं नाव घालता आलं असतं!"

"हरकत त्याच वेळी घ्यायची असते, जाधवराव. तुम्ही तर उभे राहून साक्ष दिलीत."

मी दफ्तरात जाऊन बघून आलो. जुने फॉर्म संपायचे होते, म्हणून खिडकीवरचा बाबू एकेक फॉर्म देताना सातव्या रकान्यावर पेनाने आडवी रेघ मारत होता. रेघ मारायची, फॉर्म द्यायचा, रेघ मारायची, फॉर्म द्यायचा. वैतागला होता बिचारा. मी तिथे उगाच पाऊण तास उभा राहिलो. बेटम्याच्या शाळेत खोलीबाहेर पाटी लागली: मंगल जाधव, मुख्याध्यापिका. भाऊजींनी स्वतः खिळे ठोकले, आणि एक वाकडा ठोकला.

त्या आनंदात मी घरी दाल-बाफले केले, वरणाबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. मंगल, भाऊजी, हर्डीकर, काकू आणि आम्ही नवरा-बायको. हर्डीकर रंगात आले होते. भाऊजींना समजावत होते की नाव म्हणजे माणसाचं घर असतं, त्याची किल्ली दुसऱ्याने आपल्या खिशात ठेवायची नसते. काकू वाढत होत्या. तुपाचं भांडं हातात घेऊन त्या हर्डीकरांच्या ताटासमोर थांबल्या.

"वकीलसाहेब, माझाही एक अर्ज होता."

काकू त्यांना कधी वकीलसाहेब म्हणत नसत. हर्डीकरांनी मान वर केली.

"माझं नाव काय?"

"संहिता."

"ते तुमचं. मी माझं विचारते."

बाफला हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होतो. भर कोर्टात न अडखळणारा माणूस बाफल्याचा एकेक तुकडा मोडत राहिला. मला मनापासून भीती वाटली, हे विसरले तर नाहीत? मग एकदम म्हणाले, "गोदावरी. गोदावरी लेले."

"आठवतंय म्हणजे," काकू म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून सांगू लागल्या. "लग्नाच्या वेळी हे कायद्याच्या परीक्षेला बसले होते. बोहल्यावरसुद्धा डोक्यात दंड संहिता. तांदळांत अंगठीने लिहिलं संहिता. सगळे म्हणाले, काय विद्वान नवरा मिळाला पोरीला! कोणाची बायको लक्ष्मी होते, कोणाची सरस्वती. मी कायद्याचं पुस्तक झाले. आणि आता तर सरकारने ते पुस्तकही मोडीत काढलं, नवं आणलं. मी मात्र जुनीच लागू आहे!"

हसून हसून भाऊजींना ठसका लागला. हर्डीकर आमच्याहून जोरात हसले. आणि हसता हसता उठले, हात धुऊन आले, आणि काकूंसमोर कोर्टात उभे राहतात तसे दोन्ही हात पुढे बांधून उभे राहिले.

"मुदत मिळावी."

"बेचाळीस वर्षं दिली."

"आरोप कबूल आहे."

"कारण सांगा," काकू म्हणाल्या.

जगाकडे कारण मागणारा हा माणूस. भाजीवालीकडे, सरकारकडे, तुर्कस्तानकडे. त्याने बांधलेले हात सोडले.

"कारण नाही," म्हणाले. "तुला विचारावं हे सुचलंच नाही."

काकूंनी त्यांच्याकडे बघून घेतलं. "बसा," म्हणाल्या. "बाफला गार होतोय." आणि तूप वाढलं. नेहमीपेक्षा कमी वाढलं, ते मी पाहिलं.

पुढच्या सोमवारी दोघं दफ्तरात. काकू रांगेत, हर्डीकर बाजूला त्यांची पिशवी धरून. बाबूने फॉर्मवर रेघ मारली आणि हर्डीकरांना म्हणाला, "बाबूजी, अब पति को साइन नहीं करना पड़ता।"

"पता है," हर्डीकर म्हणाले. "मैं तो देखने आया हूँ।"

दारावर नवी पाटी आली. वर गोदावरी लेले, खाली वसंत हर्डीकर, वकील. हाक मारताना मात्र त्यांची त्रेधा उडायची. "सं... गोदावरी, चहा!" असं गल्लीत रोज ऐकू यायचं. काकूंनी नियम केला: चुकलात तर दुसऱ्या दिवशी ठेल्यावर सगळ्यांना जिलबी. राधेभियाने त्या महिन्यात जिलबीची कढई मोठी घेतली. "वकीलसाब, भूलते रहो," म्हणायचा.

मग हर्डीकरांचे गुडघे गेले. मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीत. त्याने ठरवलं की दोघांनी आता तिकडेच राहायचं, आणि दुपारच्या गाडीची तिकिटं काढून पाठवली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. काकू खिडकीशी बसल्या. हर्डीकर डब्याच्या दारात, आणि त्यांच्यासमोर हातात यंत्र घेतलेला टीसी. टीसीने यंत्रात बघितलं, काकूंचं आधार बघितलं.

"माताजी का टिकट संहिता हर्डीकर, आधार गोदावरी लेले. चलो कोई बात नहीं, आपका आईडी है, एक का काफी है।"

"काफी नहीं है," हर्डीकर म्हणाले.

"बाबूजी, मैं छोड़ रहा हूँ ना?"

"आप छोड़ रहे हैं, वही तो गलत है! इनका नाम गलत लिखा है, और आप कहते हैं कोई बात नहीं?"

मी फलाटावरून ओरडलो, "काका, गाडी सुटतेय! आत व्हा!" त्यांनी उजव्या खिशातून निकालाची घडी काढली होती. टीसी कपाळावर हात मारून घेत होता. "मशीन में नाम नहीं बदलता, बाबूजी, कसम से नहीं बदलता!"

"मशीन में नहीं बदलता, ठीक है। मुँह से तो बदलता है? इनको इनके नाम से बुलाइए."

गाडी हलली. टीसी हसायला लागला. डब्यात वळून त्याने वाकून हात जोडले. "गोदावरीजी, विराजिए।"

"बैठी ही हूँ, बेटा," काकू म्हणाल्या.

हर्डीकर दाराचा दांडा धरून माझ्याकडे बघत होते, आणि दुसऱ्या हाताने निकालाचा कागद हलवत होते. इतका खूश माणूस मी इंदूरच्या स्टेशनवरून जाताना पाहिलेला नाही.

म्हणून आता हे लिहितो आहे. विवेक हर्डीकर, तिकीट तू काढलंस. तुझ्या आईने नाव परत घेतल्याचा फोटो तुला पाठवला होता, निकालाची प्रत पाठवली होती, पाटीचाही फोटो पाठवला होता. मला माहीत आहे, कारण ते फोटो मीच काढले होते. तुर्कस्तानात एक बाई भांडली, तिचं ऐकून आमच्या हायकोर्टाने सातवा रकाना रद्द केला, आमच्या दफ्तरातल्या बाबूने पेनाने रेघा मारल्या. तू तिच्या पोटचा. तरी तिकिटावर तू तेच जुनं नाव का लिहिलंस? फोनवर सॉरी अंकल म्हणू नकोस, मी मंडीत तीस वर्षं सॉरी ऐकतो आहे. उत्तर लेखी दे. मला नको, तिला दे, आणि पाकिटावर तिचं नाव नीट लिही.